खांबेटेबाईंच्या कुरडया आणि आमच्या चान्या

मला खांबेटेबाईंच्या कुरडयांचा हेवा वाटतो. हे स्पष्टच लिहितो, कारण बाकीचे लोक शेजाऱ्याच्या फ्रीजचा, स्कूटरचा, अमेरिकेतल्या मुलाचा हेवा करतात आणि वर तोंडाने 'आम्हाला काय त्याचं' म्हणतात. मी फ्रीजचा हेवा केला नाही. स्कूटरचा थोडा केला. कुरडयांचा मात्र मनापासून केला, आणि त्यातून वाशीतल्या आमच्या इमारतीचे तिन्ही मजले, बारा-पंधरा अँटेना, एक शनिवारचा मराठी सिनेमा आणि खांबेट्यांचं एक जुनं धोतर एवढं सगळं गोत्यात आलं.

सिडकोने आम्हाला समोरासमोर दारं दिली. त्यांच्या दारावर पाटी 'खांबेटे', आमच्या दारावर 'हत्तीअंबिरे'. पाटीवाला म्हणाला होता, नाव लांब आहे, दोन ओळींत करू का? म्हटलं, एकाच ओळीत कर, पाटी मोठी घे. तेव्हापासून आमची पाटी त्यांच्यापेक्षा वीतभर लांब आहे. मला अशा गोष्टी लागतात.

पण उन्हाळा लागला की पाटीचा काही उपयोग नसायचा. गच्ची खांबेटेबाईंची. खांबेटे सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणजे गच्चीची किल्ली त्यांच्या जानव्याला. बाई गहू भिजवणार, वाटणार, चीक शिजवणार, सोऱ्यातून पांढऱ्याशुभ्र कुरडया पाडणार, आणि अख्खी इमारत पायरीपायरीवर थांबून म्हणणार, 'विमलबाई, काय सुरेख रंग आलाय हो.' मग त्या कुरडया डब्यात बसून, डबा पिशवीत बसून, पिशवी कुणा ओळखीच्या माणसाबरोबर विमानात बसून न्यू जर्सीला जाणार. तिथे त्यांचा मुलगा म्हणे बाहेर बर्फ पडत असताना कुरडई तळतो आणि त्याला घरची आठवण येऊन भरून येतं. याला लोक संस्कृती म्हणतात.

आमच्याकडेही वाळवण होतं. चान्या. म्हशीच्या मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या काढायच्या, मीठ-हळद चोळायची आणि दोरीवर टाकून खडखडीत वाळवायच्या. पावसाळ्यात घरात काही नसलं की एखादी निखाऱ्यावर भाजायची, पाट्यावर ठेचायची आणि ज्वारीच्या भाकरीवर घ्यायची. मलाही ती चव आठवून भरून येतं, फक्त मला ते बर्फात नाही, तुर्भ्याच्या कारखान्यात स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजताना येतं. मी एकदा एका साप्ताहिकाला चान्यांची पाककृती पाठवली. संपादकांनी कळवलं, विषय आमच्या वाचकांना मानवणारा नाही. त्याच अंकात खरवसावर अडीच पानं होती. मी वाचली. वाईट लिहिली होती.

तर अशा परिस्थितीत आमचे आबा, म्हणजे वडील, गंगाराम हत्तीअंबिरे, परभणीकडच्या गावाहून मोतीबिंदूसाठी आले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यावर हिरवी पट्टी बसली. डॉक्टर म्हणाले, दुसरा जूनमध्ये करू, तोवर पेशंटला हलवू नका आणि चांगलं खायला घाला. हलवू नका हे ठीक होतं, पण आबांना खायला घालणं आमच्याच्याने होईना.

"चव न्हाई," आबा म्हणायचे.

माझ्या बायकोने, सुमेधाने, मटण केलं. चव न्हाई. बोंबील केले. चव न्हाई. मासवडी कुणाला तरी विचारून केली, तिची चव मलाही लागेना.

"एक डोळा पुरे हाय मला," आबांनी जाहीर केलं. "दुसऱ्यानं काय नवीन दिसनार? गाडीत बसवून दे."

दुसरा डोळा आता केला नाही तर कायमचा जाईल असं डॉक्टरांनी बजावलेलं. आबा एकदा एस.टी.त बसले की परत येणार नाहीत हे मला माहीत होतं. म्हणजे त्या डोळ्याचं भवितव्य आमच्या स्वयंपाकघरात अडकलं होतं.

आणि एका दुपारी मी लवकर घरी आलो तर आबा घरात नाहीत. शोधत शोधत गच्चीवर गेलो. आबा टाकीच्या सावलीत बसलेले, एका हातात काठी, काठीला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, आणि पुढ्यात खांबेटेबाईंच्या कुरडया. आबा त्या कावळ्यांपासून राखत होते. मांडीवर वाटी. वाटीत गरम चीक, वर तेल. आबा बोटं चाटत होते.

"कसा आहे?" मी विचारलं.

"चव हाय," आबा म्हणाले.

मी काय सांगू. बाप आपल्या घरात तीन आठवडे उपाशी आणि समोरच्या घरचा चीक बोटं चाटून. त्यात पुन्हा राखण. आमच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या गावच्या खळ्यांवर दुसऱ्यांचं धान्य राखलं. मी त्यातून सुटून वाशीला आलो, फ्लॅट घेतला, एका ओळीत पाटी लावली, आणि माझा बाप गच्चीवर पुन्हा राखणीला बसला, तोही कुरडयांच्या.

"आबा, तुम्ही त्यांचे नोकर आहात का?"

"बसलो हाय उगंच. हाताला काम. कावळा वरडला की काठी हलवायची. डोळा कशाला लागतो त्याला, कानानं व्हतं."

खाली येऊन मी सुमेधाला सांगितलं, "आपण चान्या करायच्या."

सुमेधा वरळीच्या चाळीत वाढलेली. "आमच्या घरी हे सोडून तीस वर्षं झाली," ती म्हणाली. "सभेत शपथ घेऊन सोडलं होतं."

"मेलेल्या जनावराचं सोडलं होतं. मी विकत आणणार आहे, पैसे देऊन."

"आणि वास?"

"तो आपोआप येतो. त्याचे पैसे नाहीत."

ती हसली नाही, पण आबांकडे बघून तयार झाली. तिलाही चिकाचा राग आलेला होता. तिचं मटण नाकारलं गेलं होतं ना.

गच्चीसाठी खांबेट्यांकडे गेलो. मी लपवणारा माणूस नाही. विचारलं तर खरं सांगायचं, एवढं ठरवून गेलो.

"वाळवणाला गच्ची हवी होती," मी म्हणालो.

"अरे वा, तुम्हीसुद्धा," खांबेटे म्हणाले. "कशाचं वाळवण?"

"चान्यांचं."

खांबेटे म्हणजे 'मला माहीत नाही' हे वाक्य ज्यांना मराठीत येत नाही त्या लोकांपैकी. त्यांनी मान डोलावली. "चान्या. हो, हो. तुमच्या मराठवाड्यात करतात ना. आमच्या हिच्या मावसबहिणीकडे उदगीरला खाल्ल्यात मी. तळून दिल्या होत्या."

"भाजतात."

"तेच ते. भाजून. पोटाला फार हलक्या."

त्यांनी किल्ली दिली. यात माझा काय दोष? मी खरं तेच बोललो.

मग अख्ख्या इमारतीचे सल्ले सुरू झाले. चान्या म्हणजे काय हे एकालाही माहीत नव्हतं आणि त्या कशा वाळवाव्यात हे सगळ्यांना माहीत होतं. तळमजल्यावरच्या जयमाला टीचर म्हणाल्या, पिठात थोडा पापडखार घाला, हलक्या होतात. दुसऱ्या मजल्यावरचे पेन्शनर म्हणाले, पत्र्यावर घालू नका, कळकतात. कुणी हिंग सुचवला, कुणी ताक. मी सगळ्यांना 'बघतो' म्हणालो. सर्वांत वाईट म्हणजे विमलबाईंचा सल्ला बरोबर निघाला. "पहिल्या उन्हाला उघड्या टाकू नका, वरून फडकं घाला," त्या म्हणाल्या आणि स्वतः आत जाऊन खांबेट्यांचं जुनं मऊ धोतर घेऊन आल्या. "हे घ्या. माझ्या कुरडयांना दुसरं आहे."

तेव्हाही मी म्हणणार होतो, की बाई, हे नेमकं कशावर पडणार आहे माहीत आहे का? पण त्यांनी विचारलं नाही आणि धोतर चांगलं होतं.

शनिवारी सकाळी कारखान्यातला गोटीराम माल घेऊन आला. गोटीराम लोडिंगला आहे, मूळचा आमच्याच बाजूचा, पण त्याची भाषा आता तुर्भ्याची झाली आहे. त्याने पिशवी ओट्यावर ठेवली. "जयभीम साहेब. एकदम मख्खन पीस आहे. पण एक बात सांगू? कुणी पूछलं तर माझं नाव नका घेऊ."

"मी कुणाला घाबरत नाही," मी म्हणालो.

"तुमी नका घाबरू. मी घाबरतो."

कापायचं कुणी? सुमेधाने जन्मात चान्या कापलेल्या नव्हत्या. मी आईला कापताना पाहिलेलं, त्यामुळे मला वाटत होतं की मला येतं. चान्या कापायची एक रीत आहे. मांसाचा गोळा हातात फिरवत, सुरी न उचलता, पातळ पट्टी उलगडत न्यायची, दोरासारखी लांब. मी सुरू केलं. आबा पाटावर बसून पट्टी बोटांनी चाचपायचे.

"ही चानी हाय का चपलेचा तळवा?"

मी पातळ केली.

"आता भोक पडलं. ह्यातून गाव दिसतंय."

गोटीराम म्हणाला, "साहेब, हे लिखापढीचं काम नाही."

शेवटी काही चपला आणि काही भोकं अशा मिश्र चान्या तयार झाल्या. मीठ-हळद चोळून आम्ही वर गेलो. आबांनी हुकूम सोडला की दोरी ताठ पाहिजे, झोळ पडला की चानी एका जागी गोळा होते आणि सडते. आता गच्चीवर ताठ उभ्या असतात फक्त अँटेना. सगळ्या घरांच्या अँटेना कठड्याकाठी ओळीने, मुंबईकडे तोंड करून. मी एका अँटेनाच्या नळीपासून दुसरीला, दुसरीपासून तिसरीला, अशी फेर धरून दोरी बांधली. ताठ. त्यावर चान्या, त्यावर धोतर. पलीकडे प्लास्टिकवर बाईंच्या नव्या कुरडया, अमेरिकेच्या. मधे काठी घेऊन आबा. मी मागे होऊन बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा आमचं वाळवण आणि त्यांचं वाळवण एका उन्हात पडलं होतं, आणि खरं सांगतो, आमचं जास्त उठून दिसत होतं.

आबांची राखण कानावरची होती हे मी वर लिहिलंच आहे. कावळा ओरडतो, म्हणून आबांना कळतो. घार ओरडत नाही. वाशीची खाडी जवळ, मासळी भरपूर, त्यामुळे घारीही भरपूर, आणि आजवर त्या कुरडयांकडे ढुंकून बघत नव्हत्या. संध्याकाळच्या वाऱ्याने धोतर उडालं तशी पहिली घार आली. मग तिने बहुतेक नातेवाइकांना कळवलं. घारी चान्यांना पाय मारायच्या, चानी दोरीला चिकटलेली असायची, घार ओढायची, दोरी ताणायची, अँटेना वळायची. काही घारी दमून अँटेनावरच बसल्या.

खाली शनिवारचा मराठी सिनेमा सुरू झालेला. आमच्याकडे टी.व्ही. नव्हता, त्यामुळे मला उशिरा कळलं. आधी नायिकेचं डोकं लांब झालं म्हणे, मग नायक दोन झाले, मग सगळीकडे मुंग्या. ऐन रंगात आलेल्या सिनेमात. तिन्ही मजल्यांवरून एकच आरोळी उठली, 'अँटेना', आणि बनियनमधले सगळे पुरुष गच्चीकडे धावले. पाठोपाठ बायका. मीही धावलो.

वर घारी गिरक्या घेत होत्या. खांबेट्यांचं धोतर टाकीच्या नळाला अडकून फडफडत होतं. अँटेना निम्म्या उरणकडे, निम्म्या ठाण्याकडे वळलेल्या. आबा मन लावून कावळे हाकत होते. आणि विमलबाईंच्या पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या मधोमध आमची एक चानी पडलेली, चपलेच्या जातीतली.

खांबेटे वाकले. बघितलं. "हत्तीअंबिरे, हे काय आहे?"

"चानी."

"ते कळलं. म्हणजे काय आहे?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. "म्हशीचं मांस," मी म्हणालो.

मी तयार होतो. माझ्याकडे या प्रसंगासाठी भाषण होतं. खरवसाची अडीच पानं वाचल्यापासून ते मी मनात घोळवत होतो. त्यात दूध कुणाचं आणि मांस कुणाचं, तीच म्हैस ना, असा एक जबरदस्त मुद्दा होता. पण भाषणाआधी मी सहज म्हणून एक वाक्य बोललो. "तुम्ही उदगीरला खाल्ल्यात त्याच."

सगळ्यांच्या माना खांबेट्यांकडे वळल्या.

"काय हो," विमलबाई म्हणाल्या. "उदगीरला?"

"अगं, तसं नाही. ते... म्हणजे वेगळं होतं."

"माझ्या मावसबहिणीकडे? प्रमिलाकडे?"

खांबेटे लाल झाले. मी भाषण सुरू करणार एवढ्यात आबा काठी टेकत उठले आणि विमलबाईंसमोर उभे राहिले. "बाई, माझी चूक हाय. कावळ्यापासून राखलं. घार कळली न्हाई. डोळा न्हाई ना."

झालं. माझं भाषण गेलं. ज्यावरून लढायचं त्यावर माझ्या बापाने माफी मागून टाकली. विमलबाईंनी प्लास्टिकची चारी टोकं उचलली आणि सगळ्याच्या सगळ्या कुरडया, ज्यांना चानी लागली त्या आणि ज्यांना लागली नाही त्याही, खाली नेऊन कचऱ्यात टाकल्या. धोतर त्यांनी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोसायटीची सभा. ठराव आला की यापुढे गच्चीवर कोणत्याही प्रकारचं वाळवण घालू नये. खांबेट्यांना खरं म्हणजे 'विशिष्ट प्रकारचं' असं लिहायचं होतं. मी म्हणालो, 'विशिष्ट' म्हणजे काय ते सेक्रेटरींनी सभेला समजावून सांगावं, त्यांना उदगीरचा अनुभव आहे. मग त्यांनी 'कोणत्याही' केलं. मी हात सर्वांत आधी वर केला. आमच्या चान्या नाहीत तर तुमच्या कुरडयाही नाहीत. घरी येऊन मी शीळ वाजवली.

उरलेल्या चान्या आम्ही आमच्या बाल्कनीत टाकल्या. बाल्कनी पश्चिमेची, दुपारपासून ऊन नुसतं ओतत असतं. चार-पाच दिवसांत त्या वाळल्या. सुमेधाने नाकाला पदर लावून एक गॅसवर भाजली, ठेचली, ज्वारीच्या भाकरीवर ठेवून आबांपुढे केली. आबांनी घास घेतला. बराच वेळ चघळला. मी त्यांच्या जबड्याकडे बघत होतो.

"हाय," आबा म्हणाले. "चव हाय."

मला हायसं वाटलं.

"मंग सोमवारची गाडी बघ," आबा म्हणाले.

"का? आता तर चव आहे ना?"

"चवीला काय करू? दिसभर बसून काय करू हितं? गच्चीवर काम व्हतं तर दिस जायचा."

आबा झोपायच्या खोलीत गेल्यावर सुमेधा शांतपणे भाकरीचं पीठ झाडत म्हणाली, "गच्ची बंद झाली म्हणून चाललेत. हात कुणी वर केला होता सर्वांत आधी?"

असे प्रश्न ती उत्तरासाठी विचारत नाही.

रविवारी दुपारी आबांची पिशवी भरून झालेली. बेल वाजली. दारात विमलबाई. त्या दिवसापासून त्यांनी आमच्याकडे बघितलंही नव्हतं.

"तुमच्या बाल्कनीत ऊन येतं," त्या म्हणाल्या.

"येतं."

"आमच्याकडे रुमाल वाळत नाही. महिनाअखेरीला एकजण अमेरिकेला चाललेत. गहू भिजवलेत मी."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. कुरडई माझ्या दाराशी आली होती. मी दाराला टेकलो. "तिथे आमच्या चान्या आहेत. दोरीवर."

"माहीत आहे. वास येतो."

"मग कसं करायचं?"

"दोरी त्या टोकाला घ्या. आणि यांचं धोतर आहे ना तुमच्याकडे? ते मधे बांधा. या बाजूला तुमचं, त्या बाजूला माझं."

"खांबेट्यांना चालेल?"

"त्यांना न चालायला काय झालं," विमलबाई म्हणाल्या. "त्यांनी उदगीरला खाल्ल्यात."

मी 'विचार करून सांगतो' असं म्हणणार होतो. एक दिवस तरी लोंबकळत ठेवायची माझी फार इच्छा होती. पण त्या माझ्याशी बोलून झाल्या होत्या. त्या माझ्या खांद्यावरून आत बघत होत्या. "गंगारामबाबा बसणार असतील तरच हं. तुमच्या एकट्याच्या भरवशावर मी ठेवणार नाही."

आतून आबांचा आवाज आला. "किती दिसाचं काम हाय, बाई?"

"कुरडया झाल्या की पापड्या, मग सांडगे, मग भरल्या मिरच्या. पाऊस येईपर्यंत चालेल."

"पाऊस म्हंजे जून," आबा म्हणाले. मग मला, "पोरा, ती गाडी राहू दे. दुसऱ्याचं राखायला घेतल्यावर मधीच उठून जाता येत न्हाई."

म्हणजे डोळा वाचला. माझ्या चान्यांनी वाचवला नाही, कुरडयांनी वाचवला. हे लिहिताना माझ्या हाताला कसं वाटतंय ते मी लिहीत नाही.

मंगळवारी बाल्कनीच्या एका टोकाला आमची दोरी, दुसऱ्या टोकाला त्यांचं प्लास्टिक, मधे धोतर. धोतराच्या बरोबर रेषेत स्टुलावर आबा, मांडीवर काठी आणि बाजूला चिकाची वाटी. मी कामावरून आलो तेव्हा कावळा येऊन ग्रिलवर बसला. आबांनी काठी कुरडयांकडे हलवली. कावळा उडाला आणि धोतराला वळसा घालून आमच्या दोरीवर बसला. आबा ढिम्म.

"आबा, चान्यांकडेही बघा की."

"त्या आपल्या हायेत," आबा म्हणाले. "गेल्या तर गेल्या. ह्या दुसऱ्याच्या हायेत."

खूप राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. कावळ्याने एक चानी अर्धी सोडवली. मग मी आत गेलो, कपड्यांची काठी शोधली, तिला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि दुसरं स्टूल घेऊन धोतराच्या आमच्या बाजूला बसलो.